शिडीचा चार्ज

९ जानेवारी

प्रिय सूनबाई,

(हे खोडायला हवं होतं. पण शाईच्या पेनाने लिहितोय आणि खाडाखोड केलेलं पत्र मला बघवत नाही. राहू दे. पुढच्या वेळी काहीतरी बरं शोधतो.)

निघताना तू म्हणालीस, "बाबा, आता फोन नको, मेसेज नको. मला जरा मोकळं होऊ द्या." मान्य. मी फोन केला नाही, मेसेज केला नाही. पत्राबद्दल मात्र तू काही बोलली नव्हतीस. सरकारी नोकरीत जन्म गेलेल्या माणसाला नियम सांगताना नीट सांगावा, नाहीतर तो फट शोधून काढतोच.

शिवाय हे पत्र खाजगी नाही, कामाचं आहे. सोबत पेनड्राइव्ह आहे आणि त्यात आपल्या बास्केटबॉलच्या गेममधला आपला शिडी आहे.

माझा सीझन संपला. सेमीफायनलला हरलो. हसू नकोस. शिडी आता एकतीस वर्षांचा झाला, गुडघ्याची पट्टी हिरव्यात आहे, मनोबल उत्तम. खरा शिडी चोविसाव्या वर्षी रिबाउंडसाठी उडाला आणि गुडघा धरूनच खाली आला, तो परत कधी मैदानात उतरला नाही. आपण त्याला सात वर्षं पुढे आणलंय. एक सीझन तू, एक सीझन मी. तू त्याला जपायचीस, मी त्याला पिदडायचो, आणि दोघांच्या ओढाताणीत तो बिचारा ठणठणीत राहिला.

तुझ्या सासूबाई परवा मागे उभ्या राहून म्हणाल्या, "यात तुम्ही नक्की करता काय? खेळतात तर ती बाहुलीच." मी सांगितलं, मॅनेजरकी करतो. कोणाला किती मिनिटं खेळवायचं, कोणाला बसवायचं, कोणाला विकायचं, एवढं आपण ठरवायचं, सामने कॉम्प्युटर खेळतो. तर म्हणाल्या, "म्हणजे घरात करता तेच. बसल्या जागी हुकूम." पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

तर मुद्दा असा. तुझं आणि चिरंजीवांचं पटलं नाही, कागदावर सह्या झाल्या, त्यात मी तोंड घातलं नाही आणि आताही घालत नाही. पण शिडीच्या बाबतीत कोणी कुठे सही केलेली नाही. पाण्याच्या प्लांटवर आमचा एकच कडक नियम होता: रिलीव्हर आल्याशिवाय पॅनेल सोडायचं नाही. शिफ्ट संपो, भूक लागो, बायको वाट बघत बसो. समोरचा येतो, चार्ज घेतो, मगच आपण उठायचं. आता नंबर तुझा आहे. तू चार्ज घेईपर्यंत मी 'पुढे' हे बटण दाबणार नाही. सगळी लीग जागच्या जागी उभी आहे.

सीझन खेळून पेनड्राइव्ह परत पाठव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

पॅनेलवर बसलेला,
तुझा (इथे काय लिहायचं ते तू ठरव)


२ फेब्रुवारी

प्रिय फिजिओबाई,

हे संबोधन कसं वाटतं? हॉस्पिटलात तुला असंच म्हणत असतील. पेशंटचे गुडघे वाकवून त्यांना रडवतेस ना अजून?

उत्तर नाही. काही हरकत नाही, मला वाट बघायची सवय आहे. एकदा प्लांटवर माझा रिलीव्हर आलाच नाही. सकाळची शिफ्ट संपली, दुपारची संपत आली, मी आपला पंपांकडे बघत बसलेलो. शेवटी संध्याकाळी स्वारी आली, अंगात नवा कोट, केसांना तेल. म्हणाला, "साहेब, माफ करा, लग्न होतं." मी विचारलं, कोणाचं? तर म्हणाला, "माझंच. सांगायचं राहून गेलं." त्याच्यावर ओरडावं की त्याला शुभेच्छा द्याव्यात हे न कळून मी दोन्ही केलं.

इकडे सगळे मजेत. सासूबाईंनी (तुझ्या माजी, माझ्या चालू) हॉलचे पडदे बदलले. नवीन पडद्यांतून दुपारचं ऊन थेट स्क्रीनवर येतं, म्हणजे गेम बंद पडावा हाच हेतू. मी टेबल फिरवून भिंतीकडे केलं. आता त्या म्हणतात की मी शिक्षा झालेल्या पोरासारखा भिंतीकडे तोंड करून बसतो.

चिरंजीवांना पत्राबद्दल कळलं. "बाबा, तिला त्रास देऊ नका," म्हणाला. रागाने नाही, बरं का. तुझ्याबद्दल बोलताना तो आवाज खाली आणतो. मी म्हटलं, "अरे, हे गेमचं आहे." तो म्हणाला, "गेमचं असतं तर तुम्ही टपालपेटीकडे दिवसातून इतक्या वेळा गेला नसता." बस डेपोत वेळापत्रकं आखतो ना, येण्याजाण्याकडे त्याचं बारीक लक्ष असतं.

तू पहिल्यांदा आमच्या घरी आलीस ते आठवतं? सगळे तुला चहा घे, खुर्चीवर बस म्हणत होते आणि तू माझ्या कपाटाच्या दारावरच्या पोस्टरसमोर उभी राहून ओरडलीस, "हा शिडीचा पहिला सीझन ना? या शॉर्ट्स पुढच्या वर्षी बदलल्या!" मी त्याच क्षणी मनात पोराला म्हटलं, शाब्बास. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी शोधून आणलंस.

जाऊ दे, कामाच्या पत्रात नको ते शिरलं. बटण अजून दाबलेलं नाही.

भिंतीकडे तोंड करून,
मी


२७ फेब्रुवारी

प्रिय,

तुझं पाकीट मिळालं. पेनड्राइव्ह पोचला, जसा पाठवला तसाच. चिठ्ठी वाचली. ती मी इथे पुन्हा उतरवतो, म्हणजे मला नीट कळली की नाही ते तू बघशील.

"बाबा, चार्ज घेता येणार नाही. त्या घरातलं काहीही असं अर्धं हातात धरून ठेवलं तर मला पुढे जाता येत नाही. तुमच्यावर राग नाही. कृपा करून दुसरा रिलीव्हर बघा. ता.क. सलग दोन दिवस सामने आले तर दुसऱ्या दिवशी त्याला अर्ध्याच्या वर खेळवू नका."

वाईट वाटलं. लपवत नाही. चिठ्ठी घेऊन गॅलरीत गेलो आणि कुंड्यांना पाणी घालत बसलो. थोड्या वेळाने बायको येऊन म्हणाली, "अहो, पुरे, मुळं कुजतील." मग ती पण शेजारी बसली. तिने चिठ्ठी मागितली नाही, मी दिली नाही, पण तिला कळलं. म्हणाली, "पोरगी खरं तेच बोलतेय. आपण तिला धरून ठेवतोय, आणि तिला वाटतंय की ती आपल्याला धरून ठेवतेय."

मग मी ता.क. पुन्हा वाचला. चार्ज न घेणारा माणूस सूचना करत नाही. पण असो. त्यावर मी काही इमले बांधत नाही. थोडेसे बांधले, ते उतरवून ठेवतो.

दुसरा रिलीव्हर मला नको आहे. तेव्हा लीग उभीच राहील, शिडी एकतीसचाच राहील. तसंही काही वाईट वय नाही. आता तुला पत्र पाठवणार नाही. मोकळी हो, पोरी. मनापासून म्हणतोय.

बाबा
(तू चिठ्ठीत लिहिलंस म्हणून लिहिलं.)


१८ मार्च

प्रिय फिजिओबाई,

पाठवणार नव्हतो, पण घात झाला! घरातल्याच माणसाने केला!

मी दातांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. तोंड बधिर करून, एका बाजूने लाळ पुसत घरी येतो तर चिरंजीव माझ्या टेबलाशी बसलेले. खूश. म्हणाला, "बाबा, तुमचं अडलेलं काम करून टाकलं. अख्खा सीझन खेळलो. पाचवे आलो!"

मला बोलता येईना. अर्धं तोंड माझं नव्हतंच. मी नुसतं बोट दाखवून विचारलं, शिडी कुठे?

"विकला," तो म्हणाला. "काय डील मिळालं, बाबा! त्याच्या बदल्यात दोन तरुण पोरं आली. एकतीस वर्षांचा, गुडघ्याचा भरवसा नसलेला माणूस कोण ठेवतं?"

"आपण!" मी म्हणालो. ते "आफण" असं आलं. पण त्याला समजलं, कारण त्याचा चेहरा उतरला.

कोणाला विकला माहीत आहे? लीगमधल्या शेवटच्या संघाला. तो तळाचा, निळ्या बनियनवाला, ज्याला आपण दोघं 'धर्मशाळा' म्हणायचो. त्यांना मॅनेजर नाही, सगळा कारभार कॉम्प्युटरकडे. आणि कॉम्प्युटरला दयामाया नाही. सीझनभर शिडीला रोज पूर्ण सामना खेळवला, एक मिनिट बसवलं नाही. बिचारा! गुडघा पिवळ्यात आलाय.

दोन दिवस मी पोराशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तो माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, "बाबा, थांबलेली गाडी मला बघवत नाही. माझं कामच ते आहे. तुम्ही रोज सकाळी तो गेम उघडून नुसते बघत बसायचात, बटणावर हात ठेवून. मला वाटलं, कोणीतरी ढकलायला हवं." मग म्हणाला, "ती माझ्यामुळे गेली ना तुमच्यापासून. म्हणून मलाच वाटलं, मी भरून काढावं."

आता अशा माणसावर किती वेळ रागावणार? मी त्याच्या डोक्यावर एक टपली मारली आणि चहा टाकला. तुझ्याकडे तक्रार करायचा मला काही हक्क नाही. पण शिडीचं असं झाल्यावर दुसऱ्या कोणाला सांगू? बायको म्हणते, "बाहुलीच ती." चिरंजीव म्हणतात, "डील चांगलं होतं." या जगात शिडीसाठी हळहळणारी दोनच माणसं आहेत आणि त्यातलं एक तू.

बधिर,
बाबा


४ एप्रिल

प्रिय पोरी,

आता जे लिहितो ते नीट वाच. घाईत लिहिलेलं नाही, तीनदा कागद बदललाय.

तुझ्या मनात आलं असेल की म्हातारा उगाच बोंबलतोय, पेनड्राइव्हवर जुनी फाईल तर शाबूत आहे. आहे. तीच जी मी तुला पाठवली आणि तू परत केलीस. कॉम्प्युटरला लावली की चिरंजीवांचा सगळा प्रताप पुसला जाईल. शिडी आमच्याकडे, गुडघा हिरव्यात, नंबर तुझा. सगळं होतं तिथे.

मी पेनड्राइव्ह लावला. फाईल उघडली. बराच वेळ बघत बसलो. मग बंद केली आणि पेनड्राइव्ह काढून घेतला.

सांगतो का ते. त्या फाईलमध्ये तू अजून आमच्या घरात आहेस. संध्याकाळी हॉस्पिटलातून येतेस, चपला काढायच्या आधी ओरडतेस, "बाबा, कितीने?" आणि मी खोटा स्कोअर सांगतो. ती फाईल मला फार प्यारी आहे. आणि म्हणूनच मला कळलं की जानेवारीपासून मी तुला शिडीचा चार्ज घ्यायला बोलावत नव्हतो. मी तुला परत घरी बोलावत होतो. जिथून तू निघालीस, तिथेच. तू नाही म्हणालीस ते बरोबरच होतं. माझ्या लक्षात यायला पोराला घोडचूक करावी लागली.

मला तुझी आठवण येते. सून म्हणून येते असं नाही. सून काय, घराला मिळते. तू मला मिळाली होतीस. घरात माझ्याशी माझ्या आवडीचं बोलणारं पहिलं माणूस तू होतीस, आणि कोणाची सही झाली म्हणून ती आवड संपत नाही. हे एवढं एकदा लिहून टाकतो, पुन्हा लिहिणार नाही, मला घाम फुटलाय.

आता कामाचं. गेममध्ये एक सोय आहे, ती आपण कधी वापरली नाही कारण एकाच खुर्चीवर आळीपाळीने बसायचो. एका लीगमध्ये दोन मॅनेजर असू शकतात. दोन वेगळे संघ, दोन वेगळी गावं, आपापल्या घरून. धर्मशाळेची मॅनेजरकी रिकामी आहे.

माझ्या संघात परत ये असं मी म्हणत नाही. तिथे शिडी नाहीच. तू त्याच्या संघाकडे जा. तुझा संघ, तुझे नियम, तुझी मिनिटं. मी समोर असेन, माझ्या त्या दोन तरुण पोरांसकट. (डील खरंच वाईट नव्हतं. त्याला सांगू नकोस.) कोणी कोणाचा चार्ज घ्यायचा नाही, कोणी कोणासाठी थांबायचं नाही.

चिरंजीवांनी दोन संध्याकाळी खपून लीग ऑनलाइन टाकली. आत यायचा कोड पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिलाय. त्याने एवढंच सांगायला सांगितलंय: "तिला सांगा, यात मी कुठेही नाही. फक्त जोडून दिलं." तो सामन्यांच्या वेळी बाहेर जाईल म्हणाला. मी म्हटलं, कशाला, घर तुझंही आहे. बघू.

यायचं नसेल तर येऊ नकोस. मी रुसणार नाही, कुंड्यांना जास्तीचं पाणी घालणार नाही. पण मी लीग चालू केलीय. 'पुढे' बटण आज सकाळी स्वतः दाबलं. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, भले तुला ती लबाडी वाटो: शिडीचा गुडघा पिवळ्याच्याही पुढे, नारिंगीकडे सरकलाय.

बाबा


२ मे

प्रिय फिजिओबाई,

काल इतकं बोललो, तरी आज पत्र लिहायला बसलोय. हेडफोनवर सगळं बोलता आलं नाही. एका बाजूला तुझ्या माजी सासूबाई खुर्ची ओढून बसल्या होत्या, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघरात कोणीतरी मुद्दाम मोठ्याने भांडी घासत होतं, आपण ऐकत नाही हे दाखवायला.

आधी हे सांगतो की तू कशी आलीस ते मी पाहिलं. पाकीट गेल्यावर नुसती शांतता. मी रोज आपला सामना खेळायचो, हरायचो, उठायचो. आणि मग एका सकाळी लीगचा तक्ता उघडला तर धर्मशाळेसमोर मॅनेजरच्या रकान्यात 'कॉम्प्युटर' नव्हतं. 'फिजिओ' होतं. खाली संघाची यादी, आणि शिडीच्या नावापुढे एकच शब्द: विश्रांती.

मी "अगं!" असा ओरडलो की बायकोला वाटलं मी पडलो. धावत आली. मी स्क्रीनकडे बोट केलं. तिने चष्मा लावून वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि चक्क डोळे पुसले. ती! जी बाहुली म्हणते!

मग तू त्याला सलग सामने बसवूनच ठेवलंस. लीगभर हसू झालं असेल, तळाचा संघ आणि एकुलता एक चांगला खेळाडू बेंचवर. तू सामने हरत गेलीस, गुडघा पिवळा झाला, मग हिरवा. मी रोज माझ्या सामन्याआधी तुझा गुडघा बघायचो.

आणि काल आपला सामना. हेडफोन चिरंजीवांनी माझ्या कानावर बसवला, "बोला" म्हणाले आणि आत गेले. पलीकडून तुझा आवाज आला, "ऐकू येतंय का?" मी नुसतं "हं हं" केलं. त्यामुळे तुला वाटलं माइक बिघडलाय आणि तू मला पाच मिनिटं बटणं दाबायला लावलीस. माइक चांगला होता.

बायकोने माझा घात केला तो वेगळाच. मी दुसऱ्या क्वार्टरमध्ये डिफेन्स बदलायचा बेत तिच्या कानात सांगितला, आणि ती मोठ्याने म्हणाली, "म्हणजे आता सगळे डावीकडे जाणार का?" तू फसकन हसलीस आणि उजवीकडून तीन बास्केट टाकलेस. मी म्हटलं, हे फाउल आहे. बायको म्हणाली, "मी शिडीच्या बाजूने आहे." मला वाटलं होतं तिला त्याचं नावही माहीत नाही.

शिडीला तू शेवटच्या क्वार्टरमध्ये उतरवलंस. आता बत्तीस वर्षांचा, त्याला न शोभणाऱ्या निळ्या बनियनमध्ये. आला आणि पहिल्याच चेंडूला माझ्या दोन्ही तरुण पोरांच्या डोक्यावरून असा वर चढला, पायऱ्या असल्यासारखा, आणि खाली आला तो दोन्ही पायांवर. दोन्ही पायांवर, पोरी. मी टाळ्या वाजवल्या. माझ्याच संघाविरुद्ध. आतली भांडी थांबली. "कितीने?" असा प्रश्न आला आणि त्याच्या आईने स्कोअर सांगितला, खरा.

तेव्हाच तू म्हणालीस, "बाबा, तुमचा सेंटर झोपलाय का? तुम्हाला डिफेन्समधलं ओ की ठो कळत नाही. कधीच कळत नव्हतं."

मी म्हटलं, "अगं, इतकी वर्षं शेजारी बसून खेळलीस, हे कधी बोलली नाहीस ती!"

"तेव्हा तुम्ही सासरे होतात."

"आणि आता?"

"आता हरताय. समोर बघा."

बघितलं. चौदा पॉइंटनी हरत होतो.

तुझ्याच लीगमधला,
बाबा